परीक्षकांचं परीक्षण: ब्रिटनमधल्या ब्रास बँड स्पर्धेत भरलेले पैसे वसूल होतात का?

ब्रास बँडच्या स्पर्धेत उतरायचं तर प्रवेश फी भरा, बस ठरवा, दोन-अडीच महिने एकच रचना घोटा आणि पंचवीस-तीस नोकरदार माणसांचा अख्खा रविवार मोडा. बदल्यात मिळतं काय? बारा-पंधरा मिनिटांचं वादन आणि संध्याकाळी एक आकडा. करंडक एकालाच मिळतो, बाकीच्यांनी विकत घेतलेली वस्तू म्हणजे तो आकडाच. तेव्हा ब्रिटनमधल्या या स्पर्धांकडे थोडा वेळ मैफल म्हणून न बघता सेवा म्हणून बघू. पैसे मोजले, न्याय मिळाला का?

हे परीक्षण मुख्यतः राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीचं आहे. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात देशाच्या आठ विभागांत ती होते. यॉर्कशायरची हडर्सफील्डच्या टाउन हॉलमध्ये, वायव्य इंग्लंडची ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये, वगैरे. बँड पाच पायऱ्यांवर विभागलेले असतात: सर्वांत वर चॅम्पियनशिप, खाली पहिली ते चौथी श्रेणी. एका श्रेणीला सगळ्या विभागांत एकच टेस्ट पीस, म्हणजे सगळ्या बँडना वाजवावी लागणारी ठरलेली रचना. चॅम्पियनशिपची अंतिम फेरी ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रंगते.

आपल्या वरातीतल्या बँडशी नातं लांबचं आहे. इथे क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रम्पेटसुद्धा नाही. सगळी फुंकून वाजवायची पितळी वाद्यं: एक सोप्रानो कॉर्नेट (सर्वांत उंच सुराचं), नऊ बी-फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, दोन टेनर आणि एक बेस ट्रॉम्बोन, दोन ई-फ्लॅट बेस, दोन बी-फ्लॅट बेस. बेरीज २५. वर तालवाद्यांवर दोन ते चार जण. वाजवणारे हौशी. ब्लॅक डाइक, कोरी, फोडन्स ही या जगातली सर्वांत मोठी नावं, पण तिथलेही वादक पगारावर नसतात. मानधन सहसा कंडक्टरला. म्हणजे पणाला लागलेलं असतं ते फक्त नाव, आणि नावासाठी माणूस पैशाहून जास्त भांडतो.

नोंदणीचं टेबल

सेवेचा पहिला भाग चोख आहे. प्रत्येक वादक एकाच बँडच्या नावावर नोंदलेला असतो. स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर जाण्याआधी टेबलापाशी रांग लागते, वादकाची नोंद ताडून पाहिली जाते, मगच आत सोडतात. वरवर कारकुनी वाटतं, पण हे टेबल नसेल तर सगळी स्पर्धा कोसळेल. गावातल्या चौथ्या श्रेणीच्या बँडमध्ये समजा २१ जण आहेत. सोप्रानो नाही, बेस ट्रॉम्बोन नाही. त्यांनी वरच्या श्रेणीतला एकच तगडा सोप्रानोवाला एका दिवसापुरता आणला तरी अख्ख्या बँडचा पोत बदलतो, कारण तो सूर सगळ्यांच्या डोक्यावरून जातो आणि तो नेमका लागला की खालचे एकवीस जण आपोआप सुरेल वाटायला लागतात. म्हणून उसन्या वादकांवर दोन बंधनं: किती आणायचे याची मर्यादा आणि कुठून आणायचे याची. सहसा आपल्याच किंवा खालच्या श्रेणीतून. आकडा स्पर्धेगणिक बदलतो, त्यामुळे मागच्या स्पर्धेच्या आठवणीवर विसंबू नये.

गोंधळ होतो तो बहुतेक वेळा लबाडीमुळे नाही, आळसामुळे. वादकाने बँड बदललेला असतो, पण बदलीचा अर्ज मुदतीनंतर गेलेला असतो. किंवा आजारी माणसाच्या जागी आणलेला बदली वादक कुठल्या श्रेणीत नोंदलेला आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. मग तक्रार येते आणि वाजवून झाल्यावर बँड बाद होतो. बँड-मॅनेजरने स्पर्धेच्या तीन आठवडे आधी पूर्ण यादी नोंदवहीशी ताडून पाहावी. आदल्या दिवशी पाहून फक्त घाम फुटतो.

टेबलाला न दिसणारी एक फट मात्र आहे. माणसं तीच, पण सूर कुणाचे? फ्लुगलहॉर्नचा अवघड एकल भाग कच्च्या वादकाकडून काढून शेजारच्या टेनर हॉर्नवाल्याला दिला, दुसऱ्या बॅरिटोनच्या चार ओळी युफोनियमने हळूच उचलल्या, तर परीक्षकाला ते दिसणार नाही, कारण तो कापडी तंबूत पडद्याआड बसून फक्त ऐकतो, आणि दर वेळी ऐकूही येणार नाही. काही आयोजक याला सरळ मनाई करतात, काही मूग गिळून बसतात. नियमपुस्तिकेत याबद्दल ओळ नसेल तर ती लिहून मागावी.

सकाळच्या चिठ्ठ्या

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचे लॉट्स ज्यांनी अनुभवलेत त्यांना पुढचा भाग समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे चिठ्ठी तारखेची नसते, त्याच दिवशीच्या क्रमाची असते. सकाळी प्रत्येक बँडचा एक प्रतिनिधी टेबलाशी येतो, आकडा काढतो, आणि बाहेर येऊन मोबाइलवर बसमधल्यांना तो सांगतो. ‘एक’ निघाला तर तासाभरात कोट-टाय चढवून स्टेजवर. ‘अठरा’ निघाला तर दुपारभर कुठेतरी पंचवीस जणांना उबदार आणि शुद्धीत ठेवायचं, तेही बारच्या शेजारी.

चिठ्ठी प्रामाणिक असते, पण प्रामाणिक म्हणजे न्याय्य नव्हे. इथेच घोडं पेंड खातं. पहिल्या बँडच्या वेळी परीक्षकाच्या कानात मापच तयार झालेलं नसतं. पुढे आणखी सतरा जण यायचे आहेत म्हणून तो हात राखून गुण देतो. ही नुसती रडकथा नाही. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ या व्यावसायिक पियानो-व्हायोलिन स्पर्धेच्या निकालांवर १९९६ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, आणि उशिराच्या दिवसांत वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. नामवंत परीक्षकांच्या जगड्व्याळ मंडळाचं हे, तर तंबूत बसलेल्या दोघांचं काय होणार?

यावर उपाय स्वस्त आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी स्पर्धेबाहेरच्या एखाद्या बँडकडून टेस्ट पीस, निदान त्यातले काही भाग, वाजवून घ्यायचे, म्हणजे परीक्षकाचं माप आधीच बसतं. खर्च पंधरा मिनिटांचा. तरी सहसा कुणी करत नाही.

क्रमाइतकंच महत्त्व थंडीला, आणि त्याचा उल्लेख कुठल्याच नियमपुस्तिकेत सापडत नाही. वाद्यातली हवा एका अंशाने गार झाली की सूर सुमारे तीन सेंटने उतरतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे पाच अंशांत पंधरा सेंट, जाणत्या कानाला सहज टोचतील एवढे. फुंकीने वाद्य परत तापतं, पण सगळी सारखी तापत नाहीत. कॉर्नेट मिनिटभरात वर येतं. बी-फ्लॅट बेसची कित्येक फूट नळी मार्चच्या गारठ्यात मागेच रेंगाळते. सरावाच्या खोलीतून स्टेजपर्यंत नेताना बँडला वाऱ्याच्या बोळात दहा मिनिटं उभं केलं, की पहिल्याच सुरावटीत वरचे आणि खालचे फाटतात. परीक्षक प्रामाणिकपणे लिहितो: ‘सुरुवातीला सूर जुळलेले नाहीत.’ चूक बोळाची, शेरा बँडला. आयोजक कोणता चांगला हे ओळखायचं तर सरावाची खोली आणि स्टेज यांच्यामधली जागा बघावी.

टिंपनी, घंटानळ्या, झायलोफोन अशी जड तालवाद्यं आयोजकच पुरवतात आणि सगळे बँड तीच वापरतात. तत्त्व उत्तम. टिंपनीचं पेडल घसरतंय का हे मात्र पहिल्या बँडलाच कळतं, आणि तिसऱ्या बँडपर्यंत कुणीतरी ते नीट करून देतं.

तंबू

आता या सेवेतला सर्वांत चांगला भाग. सभागृहाच्या मधोमध किंवा बाल्कनीत चारी बाजूंनी कापडाने बंद केलेलं एक खोकं असतं, हाच तो तंबू. आत परीक्षक, टेबल, दिवा, स्वरलिपी, कागद आणि पाण्याची बाटली. बँड स्टेजवर येतो, बसतो, नाव पुकारत नाहीत, फक्त क्रमांक. परीक्षक तयार झाला की आतून शिट्टी वाजते. मग कंडक्टर हात उचलतो. त्या शिट्टीनंतरच्या दोन सेकंदांत हॉलमध्ये जी शांतता पसरते ती गाण्याच्या मैफलीतही क्वचित मिळते. परीक्षक बाहेर पडतो तो सोबत्याबरोबर, बँडवाल्यांच्या वाटेला न जाता.

मोठमोठ्या वाद्यवृंदांनी भरतीच्या चाचणीत पडदा आणला त्याच्या कितीतरी आधीपासून ब्रास बँडवाले परीक्षकाला कोंडून ठेवताहेत. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ साली सुरू झालेली स्पर्धा, आजची ब्रिटिश ओपन, आणि १९०० साली क्रिस्टल पॅलेसमध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्पर्धा, दोन्ही एकेका गावाच्या, गिरणीच्या, खाणीच्या अब्रूच्या लढाया होत्या. परीक्षकाचा चेहरा दिसत नाही आणि त्याला बँडचा दिसत नाही, यात दोघांचंही रक्षण होतं.

पडद्यातून काय गळतं? टाळ्या. यजमान गावाचा बँड आला की बाल्कनी दणाणते, आणि तंबूत कान असतातच. दुसरं, नावाजलेल्या युफोनियमवाल्याचं व्हायब्रेटो, म्हणजे सुरातलं कंपन. या क्षेत्रातले परीक्षक बहुतेक स्वतः कंडक्टर, संगीतकार किंवा जुने वादक असतात. वर्षभर तेच सूर ऐकलेले असतात. आपल्याकडे पडद्याआडून चार ताना ऐकून घराणं ओळखणारे असतात, तसेच इथेही. म्हणून पडदा वशिला पुरता थांबवतो असं नाही, पण त्याला तोंड वर काढायला लाज वाटेल एवढं नक्की करतो. पडद्याला दहापैकी नऊ.

मनोरंजनप्रधान स्पर्धांत, जिथे बँड फिरून, वेशभूषा करून, निवेदन करून कार्यक्रम सादर करतो, तिथे काही गुण उघड बसलेल्या परीक्षकांकडे असतात. ते योग्यच, दिसण्याचे गुण डोळ्यांनीच द्यावे लागतात. फक्त कोणते गुण उघड्यावर आणि कोणते पडद्याआड, याचं प्रमाण प्रवेशपत्रावर छापलेलं असावं.

बेरीज

तंबूवर एवढी मेहनत घेऊन नंतर आकडे मात्र पाठकोऱ्या कागदावर जुळवावेत तसा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे. एक उदाहरण घ्या. तीन परीक्षक, तीन बँड.

पहिला परीक्षक: अ ९५, ब ९४, क ९३.
दुसरा परीक्षक: अ ९५, ब ९४, क ९३.
तिसरा परीक्षक: अ ८४, ब ९६, क ९२.

गुणांची बेरीज केली तर ब २८४, क २७८, अ २७४. म्हणजे तिघांपैकी दोघांनी पहिला ठरवलेला बँड शेवटचा. आता तेच कागद घ्या आणि गुणांऐवजी क्रमांकांची बेरीज करा: अ १+१+३ म्हणजे ५, ब २+२+१ म्हणजे ५, क ३+३+२ म्हणजे ८. अ आणि ब बरोबरीत. जास्त पहिले क्रमांक कुणाला, या निकषाने बरोबरी सोडवली तर अ विजेता. वादन तेच, परीक्षक तेच, बेरजेची पद्धत बदलली आणि तिसऱ्याचा पहिला झाला.

दोष तिसऱ्या परीक्षकाचा नाही. तो गुणांची पट्टी लांब ओढतो, बाकीचे दोघे आखूड. बेरजेत लांब पट्टीवाला एकटा दोघांना भारी पडतो. म्हणून एकापेक्षा जास्त परीक्षक असतील तर क्रमांकांची बेरीज बरी, आणि बरोबरी कशी सोडवणार हे आधी लिहिलेलं हवं. दोघेच परीक्षक एकाच तंबूत बसून ‘चर्चेने’ एकमत करत असतील तर आणखी वेगळी गोष्ट: तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल. तिघे वेगवेगळे बसवून स्वतंत्र कागद घेणं महाग पडतं, तीन मानधनं, तीन तंबू. पण प्रवेश फी कुठे खर्च व्हावी असं विचारलं तर उत्तर हेच: करंडक छोटा करा, तिसरा तंबू उभारा.

पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी २०२२ साली करंडकाच्या तोलाची एकांकिकाच नाही म्हणून करंडक राखून ठेवला आणि महिनाभर पुण्यात दुसरा विषय नव्हता. इथे तशी सोय नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना क्रमांक लावावाच लागतो, आणि मधल्या फळीतले आठ-नऊ बँड खरं तर एका माळेचे मणी असतात. नववा आणि बारावा यांच्यात फरक किती, हे परीक्षकाला तासाभराने पुन्हा विचारलं तर तोच क्रम येईलच असं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण हेच क्रमांक पुढे श्रेणी ठरवतात. साधारण पद्धत अशी: तीन वर्षांच्या प्रादेशिक क्रमांकांची बेरीज, सर्वांत कमी बेरजेचे दोन वर, सर्वांत जास्त बेरजेचे दोन खाली. एखाद्या वर्षी ‘एक’ची चिठ्ठी आणि गार बोळ मिळून बँड सहाव्याचा बारावा झाला, तर ते सहा आकडे तीन वर्षं मानगुटीवर बसतात. एका वर्षाच्या निकालावर श्रेणी बदलण्यापेक्षा हे बरंच, अपघात त्यात विरघळतो. पण मधल्या फळीतल्या त्या जवळजवळ नाणेफेकीच्या क्रमांकांना एवढं वजन देणं जरा जास्तच.

शेऱ्यांचा कागद मात्र फीच्या मोलाचा असतो. परीक्षक वादन चालू असतानाच लिहीत जातो, निकालानंतर तो बँडला मिळतो. ‘छान संतुलन’ असल्या शेऱ्याचा उपयोग शून्य. ‘अमुक खुणेपाशी दुसरे कॉर्नेट उशिरा’ हा शेरा सोन्याचा. कागद हातात आला की आधी तक्रार न करता वादनाचं रेकॉर्डिंग लावून खुणेखुणेला ताडून बघावं. तीनपैकी दोन शेरे टोचून खरे निघतात.

जिंकणाऱ्याला बाहेर बसवणारा नियम

एक जुना नियम इथे सांगायलाच हवा. राष्ट्रीय स्पर्धा सलग तीनदा जिंकली की चौथ्या वर्षी त्या बँडला उतरता येत नसे. फोडन्सने १९३२, ३३, ३४ मारलं, १९३५ ला बाहेर बसले, परत येऊन १९३६, ३७, ३८ मारलं. ब्लॅक डाइकने १९४७ ते ४९ जिंकलं, १९५० ला बाहेर. नियम उदार दिसतो, पण बाहेर बसवलेल्या वर्षीच्या विजेत्याला आयुष्यभर ‘ते नव्हते म्हणून’ ऐकावं लागतं. न्याय कुणाचा झाला?

उलट टोकाचं दुकान: व्हिट फ्रायडे

एवढे नियम नको असतील तर व्हिट फ्रायडे आहे: ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी व्हिटसन हा ख्रिस्ती सण, त्याच्या पुढचा शुक्रवार. मँचेस्टरच्या पूर्वेला सॅडलवर्थ आणि टेमसाइडच्या गावागावांत, १८८४ पासून. डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल, स्टेलीब्रिज अशी एकाच संध्याकाळी वीसेक स्पर्धा. बँड बसने येतो, रस्त्यावरून एक मार्च वाजवत चालतो, मग उभं राहून दुसरा, स्पर्धेचा मार्च वाजवतो, परत बसमध्ये, पुढचं गाव. जॉर्ज ॲलनचा ‘नाइट टेम्पलर’ एका संध्याकाळी एकाच मैदानावर किती वेळा ऐकू येतो याची मोजदाद ठेवू नये. परीक्षक कॅरॅव्हॅनमध्ये किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पडदे ओढून. चिठ्ठ्या नाहीत, जो आधी पोचला तो आधी.

न्यायाच्या तराजूत हे सगळं हलकं आहे. परीक्षक एकटा, रात्री दहाला त्याचे कान थकलेले, वादकांच्या अंगावर पाऊस, बेस गारठलेले, आणि नामांकित बँडच्या मागे कॉलेजच्या पोरांचा भडक कपड्यांतला बँड. तरीही इथे निकालाची भांडणं कमी, कारण एका गावाने पाडलं तर पुढच्या गावात दुसरा परीक्षक आहे. सहा-आठ गावं केली की सहा-आठ स्वतंत्र मतं मिळतात. पावसातल्या त्या कॅरॅव्हॅनवाल्यांच्या एकत्रित मतावर हडर्सफील्डच्या तंबूतल्या दोघांपेक्षा जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही, असं आमचं मत आहे, आणि जाणकारांना ते आवडत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्या बँडसाठी: प्रत्येक गावाचे नियम वेगळे, उसन्या वादकांबद्दलचे तर फारच वेगळे, आधी मिळवून वाचा. नोंद बंद होण्याच्या वेळाही वेगळ्या. बसची रांग हा खरा शत्रू आहे; लोकप्रिय गावं संध्याकाळी लवकर उरका, आडबाजूची रात्रीसाठी ठेवा. स्वरलिपीच्या पानांना प्लास्टिक आणि चिमटे, छोटे दिवे, बेसवाल्यांना हातमोजे. आणि प्रत्येक गावाची नोंद बंद होण्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. नवाच्या सुमारास ती वाचायच्या स्थितीत बसमध्ये तोच एक उरलेला असतो.